भिकाजीचे डोळे

मी एक डोकं बोलतोय. नुसतं डोकं, मानेसकट. खांदे नाहीत, धड नाही, हातपाय तर नाहीतच. हसू नका. धडधाकट हातपायांची पुष्कळ माणसं या घरात येऊन जातात, त्यांच्यापेक्षा मी बरा बोलतो.

वयानं मी अजून वर्षाचाही नाही, पण तोंडानं पक्का म्हातारा आहे. कपाळावर आठ्या, गालफडं बसलेली, ओठ गच्च मिटलेले, डोक्याला टक्कल. माझा मूळपुरुष प्राचीन रोममधला कुणीतरी. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्याचा संगमरवरी पुतळा झाला, तो मातीत गडप झाला, आणि शेकडो वर्षांनी कुणाच्या तरी कुदळीला लागला. त्या काळात युरोपातल्या लोकांना म्हणे वेडच लागलं होतं. जुन्या पोथ्या हुडकायच्या, जुने पुतळे उकरायचे, आणि देवादिकांइतक्याच प्रेमानं साध्या माणसाचं तोंड न्याहाळत बसायचं. शाळेच्या पुस्तकात त्याला रेनेसाँ म्हणतात, मराठीत प्रबोधनकाळ. हे सगळं मला इरामुळे कळलं. ती मोठ्यानं वाचून अभ्यास करते, आणि कान मला जन्मापासूनच आहेत.

इरा म्हणजे माझी आईच म्हणा ना! मस्कतमध्ये, मदिनत सुलतान काबूस नावाच्या वस्तीत राहते, अकरावीत आहे. तिच्या शाळेत इतिहासाचं प्रदर्शन होतं आणि विषय होता हाच रेनेसाँ. बाकीच्या मुलांनी तक्ते केले, थर्माकोलचे घुमट केले. इराला हुक्की आली की आपण खराखुरा पुतळा ठेवायचा. त्यांच्या मागच्या गल्लीत हिबा नावाच्या ओमानी शिल्पकार बाईंचा स्टुडिओ आहे. त्यांच्याकडे या म्हाताऱ्याच्या डोक्याचा रबरी साचा होता. इरा रोज शाळेतून आली की तिकडे पळायची.

माझं अंग ओमानच्या दक्षिणेकडल्या धोफारच्या वाळवंटातलं. तिथला जिप्सम खणला, भाजला, दळला आणि पिठासारखा पोत्यात भरला. इराची आई विशाखा दातांची डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्यातल्या रबरी वाडग्यात इरानं ते पीठ कालवलं आणि साच्यात ओतलं. थोड्या वेळानं माझ्या अंगात असा ताप भरला म्हणता! घट्ट होताना प्लास्टर तापतंच, पण पोरगी घाबरली.

"हिबा मॅम, हा हॉट झालाय! इज ही ओके?"

हिबाबाई हसल्या. इराला त्या लाडानं हबीब्ती, म्हणजे लाडके, म्हणायच्या. "हबीब्ती, जन्मलेलं बाळ गरमच असतं. यल्ला, धीर धर."

साचा सोडवला तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर हवेचा बुडबुडा फुटून भोक पडलेलं. इरा रडवेली झाली. तिच्या आईनं घरी आणल्यावर किडका दात भरावा तसं ते भोक भरून दिलं. घरी मी आलो तो मवालेहच्या भाजीबाजारातल्या टोमॅटोच्या खोक्यातून, जुन्या चादरीत गुंडाळून. रोमन सरदार असेनही मी, पण माझ्या अंगाला दोन दिवस टोमॅटोचा वास येत होता.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मला दिसत नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत फुगवटे होते, कोरे, पांढरे. जुन्या पुतळ्यांचे असेच असतात. त्यामुळे आतापर्यंतचं आणि यापुढचंही थोडं मी तुम्हाला ऐकलेलं सांगतोय.

जेवणाच्या टेबलावर मला ठेवलं आणि एक हात माझ्या चेहऱ्यावरून फिरला. इराचा नव्हे. खरखरीत, सुकलेला हात, पण जाणता. अंगठा कपाळाच्या आठ्यांवरून गेला, भुवईच्या कडेनं खाली आला, कानामागं थांबला.

"साचा चांगलाय गो. पण ही जोडाची शिवण नीट घासली नाहीस, बाय."

ही प्रभावती, इराची आजी. पेणची. गणपतीच्या कारखान्यात सून म्हणून आली आणि आयुष्यभर तिथंच बसली. इराचे बाबा गजेंद्र म्हणजे तिचा थोरला मुलगा. तो दुक्मला रिफायनरीत इंजिनीअर आहे, गुरुवारी संध्याकाळी घरी येतो आणि शनिवारी परत जातो. धाकटा अजिंक्य पेणला कारखाना बघतो. हिवाळ्यात गजेंद्रनं आईला मस्कतला आणलं होतं.

अंगठा पुढं सरकला आणि माझ्या डोळ्यांवर येऊन थबकला.

"डोळे कुठायत याचे?"

"आहेत ना आजी. हे काय."

"हे नुसते गोळे. बुबुळं कुठायत?"

"बुबुळं नसतात. इट्स क्लासिकल. ते सगळे असेच असतात, व्हाइट."

"अगो, आंधळा आहे तो!" प्रभावती म्हणाली. थोड्या वेळानं माझ्या तोंडावर काहीतरी मऊ येऊन पडलं. स्वयंपाकघरातला नॅपकिन होता. त्याला आमटीचा वास होता.

इरानं तो काढला. आजीनं पुन्हा टाकला. असं रोजच चालायचं. इरा म्हणायची, "आजी, व्हाय टॉवेल?" आजी म्हणायची, डोळे उघडायच्या आधी मूर्ती अशी उघड्यावर ठेवत नाहीत, आमच्या सासूबाईंनी शिकवलंय. इरा म्हणायची, "हा गॉड नाहीये आजी, माणूस आहे." त्यावर प्रभावतीचं उत्तर ठरलेलं. माणूस असला म्हणून काय झालं, त्याला लाज नाही का?

नॅपकिन चढवता-काढता तिनं माझं बारसंही करून टाकलं. कारखान्यात माती मळायला भिकाजी नावाचा गडी होता म्हणे. असाच टकला, असाच ओठ मिटून बसणारा, दिवसभरात तोंडातून शब्द काढायचा नाही. झालं, मी भिकाजी. प्राचीन रोमचा माझा सगळा रुबाब आमटीच्या नॅपकिनाखाली गेला. आधी राग आला होता. मग सवय झाली, आणि मग आवडायला लागलं ते कधी, कळलंच नाही.

सकाळी सगळे बाहेर पडले की घरात आम्ही दोघंच. इरा शाळेत, विशाखा दवाखान्यात. टीव्हीवर मालिका बडबडत असायची आणि प्रभावती तिकडे लक्ष न देता माझ्याशी बोलत बसायची. तिला बोलायला माणूस हवं होतं. इराला मराठी समजतं, पण बोलताना दर दोन शब्दांनी अडखळते. माझं बरं होतं. मी नुसता ऐकायचो.

असंच एकदा तिनं मला ते सांगितलं, जे घरात कुणालाच नीट सांगितलं नव्हतं.

कारखान्यात ती डोळ्यांची आखणी करायची. मूर्ती घडते, वाळते, रंगते, आणि सगळ्यात शेवटी डोळे उघडतात. ते काम ज्याच्या त्याच्या हाताला देत नाहीत. आंघोळ करून बसायचं, रेडिओ बंद, कुणी बोलायचं नाही. वरच्या पापणीची रेघ एका दमात. मग बुबुळ, मग कोपऱ्यात लालसर झाक, मग बुबुळात पांढरा ठिपका. मुंबईहून येणारी गिऱ्हाइकं विचारायची, डोळे काकूंनीच काढलेत ना? तिला त्याचा केवढा अभिमान!

मग हात थरथरायला लागला. पहिल्यांदा थोडा, मग कुणालाही दिसेल इतका. ती लपवत राहिली. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी एक बाई मूर्ती परत घेऊन आली. भांडली नाही. कडेवर मूर्ती घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, रागावू नका. पण बाप्पा आमच्याकडं बघतच नाही हो."

प्रभावतीनं मूर्ती हातात घेतली. एक डोळा भलतीकडेच बघत होता.

"भिकाजी, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं," ती मला म्हणाली. "त्या दिवसापासून ब्रश धरला नाही मी."

अजिंक्यचा फोन आला की ती स्पीकरवर टाकायची, म्हणून मलाही सगळं ऐकू यायचं. "आई, जूनच्या सुरुवातीला ये गं. आखणी तुझ्यावाचून अडलीय. माणूस बोलावला होता, पण त्याचे डोळे काचेच्या गोट्यांसारखे येतात." ती म्हणायची, "माझं झालं आता, अजू." गजेंद्र दुक्महून आला की उलटं सांगायचा. "तू जाऊच नको आई. खूप केलंस आयुष्यभर. इथं एसीत बस, मासे खा, आराम कर. खलास!" मायेनंच म्हणायचा बिचारा. येताना बर्फाच्या पेटीतून ताजी सुरमई आणायचा आणि आई दोन घास जास्त जेवली की खूश व्हायचा. पण त्याला कळत नव्हतं की आराम करून करून बाई वाळत चाललीय. मला कळत होतं, कारण रोज सकाळी ती माझ्याशी पहिल्यापेक्षा कमी बोलत होती.

तर मंडळी, प्रश्न होता तो एवढाच. प्रभावती पुन्हा ब्रश धरणार, की या सोफ्यावर बसून संपणार? मी डोकं असूनही याचं उत्तर मला सुचत नव्हतं.

प्रदर्शन रविवारी होतं. त्याआधीच्या गुरुवारची सकाळ. मे महिना, बाहेर मस्कतचं ऊन रणरणत होतं. दार लागलं, विशाखाची गाडी गेली. मालिका सुरू झाली आणि मध्येच बंद झाली. मग न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, ही तर सकाळीच आंघोळ करून बसली होती!

मग कपाट उघडलं. बॅगेची चेन ओढली गेली. कापडाची गुंडाळी सुटल्याचा आवाज, आणि त्यातून लाकडी दांड्या एकमेकींवर वाजल्या. बघा हं, माझं झालं, माझं झालं म्हणणारी बाई सामानात ब्रश घेऊन मस्कतला आली होती! मला इतकं हसू आलं. ओठ मिटलेले म्हणून निभावलं.

तिनं माझ्यावरचा नॅपकिन उचलला. इराच्या रंगपेटीतल्या नळ्या पिळल्या, वाटीत रंग कालवला. मग कानापाशी खुर्ची सरकली. तिचा श्वास जवळ आला.

"भिकाजी," ती हळूच म्हणाली, "तू आंधळा बसलेला मला बघवत नाही रे."

पहिला स्पर्श डाव्या डोळ्यावर झाला. थंड, ओला, आणि थरथरता. रेघ सुरुवातीला सरळ निघाली आणि मध्येच लचकली. ब्रश उचलला, पुन्हा टेकवला. बुबुळ भरलं. आणि मला दिसलं! पण कसं दिसलं म्हणता, सगळं तिरपं. खिडकी एकीकडे, पंखा भलतीकडे, आणि प्रभावती कुठंच नाही. मूर्तीची पहिली नजर आपल्यावर पडू नये म्हणून आखणी करणारीनं बाजूला बसायचं, असा तिच्या सासूचा दंडक. ती माझ्या कानाकडे बसली होती. मला फक्त तिचा आवाज आला.

"परत तसंच झालं. परत तसंच झालं बघ."

ओलं फडकं माझ्या गालापर्यंत आलं. पुसून टाकणार होती. पण हात तिथंच अडला. सासूबाईंचा आणखी एक दंडक होता. एक डोळा उघडला की दुसरा उघडल्याशिवाय उठायचं नाही. अर्धवट जागं करून कुणालाही सोडायचं नाही. गंमत बघा, ज्या सासूनं तिला आयुष्यभर छळलं असं ती मला सांगत असे, त्याच सासूनं त्या सकाळी तिला जागेवर बसवून ठेवलं.

तिनं फडकं खाली ठेवलं. पण या खेपेला हात इतका थरथरत होता की ब्रश कुठं टेकेल याचा नेम नव्हता. तेव्हा तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. न उठताच खुर्ची सरकवत सरळ माझ्यासमोर आली, आणि मनगट माझ्या बसक्या गालावर टेकवलं. गणपतीला असा हात कोण टेकवणार? तिथं सोंड असते, रंग ओला असतो, आणि देवाच्या गालाला टेकून काम करायची तिची छाती नव्हती. मी पडलो भिकाजी. माझा गाल रिकामाच होता.

मनगट टेकलं आणि थरथर तिथंच जिरली. ब्रशच्या टोकापर्यंत पोचलीच नाही. वरच्या पापणीची रेघ एका दमात गेली. मग बुबुळ. कोपऱ्यात लालसर झाक. मग श्वास रोखून पांढरा ठिपका.

आणि माझ्या पुढ्यात एक म्हातारी होती. केस ओले, कपाळाला रंगाचा डाग, डोळ्यांत पाणी आणि तोंड लहान मुलीसारखं उघडं. मी जगात धडपणे पाहिलेलं पहिलं माणूस तेच. तुम्हाला सांगतो, त्याहून सुंदर मी अजून काही पाहिलेलं नाही.

दुपारी इरा आली. दप्तर खाली टाकलं, टेबलाकडे वळली आणि किंचाळली.

"आजी! व्हॉट डिड यू डू? तू स्पॉइल केलंस! संडेला एक्झिबिशन आहे!"

बोलताना तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. नाक आजीचं, हट्टही बहुतेक तिचाच. प्रभावती उभीच राहिली. बाकी काही नाही तरी 'स्पॉइल' तिला बरोबर कळलं.

"मी..." ती म्हणाली. मग वळून ब्रश गोळा केले, स्वयंपाकघरात गेली, आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं. माझ्या काळजात चर्र झालं. मला काळीज नाही हे ठाऊक आहे, तरीही झालं.

संध्याकाळी गजेंद्र आला, सुरमईची पेटी घेऊन. माझ्याकडे पाहून आधी त्याला हसू फुटलं. खरं सांगायचं तर मी दिसतच तसा होतो. रोमन म्हाताऱ्याच्या तोंडावर पेणच्या गणपतीचे लांबसडक, लाल झाकेचे डोळे, आणि त्यातला एक वाकडा! मग त्यानं घरातली शांतता पाहिली आणि हसू आवरलं.

"एवढं काय त्यात? माझ्या गाडीत पांढरा प्रायमर आहे. एक हात मारला की खलास. उद्या सकाळी करू."

"मारा," प्रभावती म्हणाली. "नाहीतरी एक बिघडलाच आहे. तू म्हणतोस ते खरं, गजा. मी आता इथंच राहते. अजूला सांग, माझी वाट बघू नको."

गजेंद्रला हेच तर हवं होतं. पण आईचा चेहरा बघून त्याला काही आनंद झालेला दिसला नाही. विशाखानं नुसतं इराकडे पाहिलं. इरानं मान खाली घातली.

शुक्रवारी सकाळी इरा प्रायमरचा डबा आणि रुंद ब्रश घेऊन माझ्यासमोर बसली. प्रभावती सोफ्यावर, टीव्हीकडे तोंड करून. मी मनात म्हटलं, भिकाजी, एका दिवसाचं बघणं होतं, मिळालं ते मिळालं. माझी काळजी नव्हती हो. पण तो पांढरा हात माझ्यावर फिरला असता तर सोफ्यावरच्या त्या बाईवरही फिरला असता.

इरानं ब्रश बुडवला. माझ्या डोळ्यांपाशी आणला. आणि थांबली. मान वाकडी करून बघायला लागली.

"आजी... हा आय असा, आणि हा... परफेक्ट. एकाच हाताने कसं?"

प्रभावती टीव्हीकडे बघतच म्हणाली, "पहिल्याला हात हवेत होता. कापतो ना. दुसऱ्याला याच्या गालावर टेकवला."

"टेकवला की नाही कापत?"

"नाही कापत. पण बाप्पाच्या गालावर हात टेकता येतो का, बाय?"

इरा एकदम उठली. खुर्ची मागं पडली. कोपऱ्यात प्रदर्शनाचे तक्ते गुंडाळून ठेवले होते, त्यातला एक तिनं ओढून काढला आणि सोफ्यावर आजीच्या मांडीवर पसरला. मला टेबलावरून दिसत होतं. एका बाईनं स्वतःचंच काढलेलं चित्र, चार-पाचशे वर्षांपूर्वीचं. चित्र रंगवायला बसलीय, एका हातात ब्रश. आणि ब्रशच्या हाताखाली आडवी एक काठी.

"बघ! ही स्टिक बघ! मी चार्ट केला, पण मला वाटलं उगाच काहीतरी धरलंय. हात टेकवायला आहे ती! पेंटिंगला टच होत नाही, साइडला टेकते!"

प्रभावतीनं चष्मा लावला. चित्रावर वाकली. बोट काठीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"अगो बाय माझे," ती म्हणाली, "हिचाही हात कापत होता काय?"

पुढं काय धांदल झाली म्हणता! गजेंद्रनं मॉपचा दांडा कापला. विशाखानं टोकाला कापसाचा गोळा करून गजेंद्रच्या जुन्या मोज्यात बांधला. कचऱ्याच्या डब्यातून ब्रश निघाले, धुतले गेले, त्यांना कांद्याच्या सालींचा वास होता तरी कुणी नाक मुरडलं नाही. गणपतीच्या जागी तेवढ्याच उंचीचा कुकर पाटावर ठेवला, कुकरला कागदी ताटली टेकवली, काठीचं मोज्याचं टोक पाटाच्या कडेला रोवलं आणि प्रभावतीनं मनगट काठीवर ठेवलं.

पहिल्या ताटलीवर डोळे चुकले. दुसरीवरही चुकले. काठीची सवय नव्हती. चौथी की पाचवी ताटली झाली तेव्हा ती म्हणाली, "कुणी बोलू नका," आणि सगळे गप्प बसले. अगदी गजेंद्रसुद्धा. दुपारपर्यंत जेवणाचं टेबल डोळ्यांनी भरून गेलं होतं. जिकडं बघावं तिकडून ताटल्या टकमका बघत होत्या आणि सुरमई कुठं ठेवायची हा विशाखापुढं प्रश्न पडला.

प्रायमरचा डबा तसाच राहिला. त्यावर साय धरली.

"पण माझं डोकं... आय मीन भिकाजी... त्याला असाच नेऊ?" इरानं फोनवर हिबाबाईंना विचारलं. उत्तर मी ऐकलं, आणि ऐकून थक्क झालो. हिबाबाई म्हणाल्या, नेच. अगं, ग्रीक-रोमनांनी आपले पुतळे रंगवलेलेच होते. केस, ओठ, डोळे, सगळं. मातीत पडून पडून रंग गेला. ज्यांनी ते खणून काढले त्यांना पांढरेच सापडले, आणि ते त्या पांढऱ्याच्याच प्रेमात पडले. जीव तोडून शोधलं बिचाऱ्यांनी, पण तेवढं त्यांच्या लक्षात आलं नाही.

म्हणजे माझ्या मूळपुरुषालाही डोळे होते तर!

प्रदर्शनात सुचित्रा मॅडमनी मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. इतिहासाच्या बाई त्या. "इरा, हे काय गं ध्यान आणलंस?" मग इरानं सांगायला सुरुवात केली. आधी इंग्रजीत सांगितलं. मग बाजूला आजी उभी आहे हे लक्षात येऊन मराठीकडे वळली. अडखळली, शब्द चुकले, पण थांबली नाही. मॅडम ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "वाकड्या डोळ्याचं पण सांग लोकांना." बक्षीस मात्र थर्माकोलच्या घुमटाला मिळालं. पण सगळ्यात जास्त गर्दी माझ्यापुढं होती. चिमुरड्या पोरांना वाटत होतं मी डोळा मारतोय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रभावती निघाली. गजेंद्रनं तिकीट काढलं, पण तोंड पाडूनच. "आई, ही काठी कशाला घेतेस? पेणला दांडे मिळत नाहीत का?" "मिळतील. मला हीच पाहिजे." विमानतळावर अडवलं तर म्हातारीची चालायची काठी म्हणून सांगणार होती, टोकाला मोजा बांधलेला असतानाही. गजेंद्रनं हात जोडले.

बॅगा खाली गेल्या. ती एकटी माझ्यापाशी आली. इरानं प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, आजी, वाकडा डोळा नीट करायचा का? तिनं नको म्हटलं होतं. आता तिनं मनगट पुन्हा माझ्या गालावर टेकवलं, ब्रश नसतानाच.

"भिकाजी," ती म्हणाली, "आजवर किती डोळे उघडले असतील मी, गणती नाही रे. सगळे पाण्यात गेले. जायचेच असतात ते. दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा. उघडायचे आणि निरोप द्यायचा. तू एकटाच मागं राहणार आहेस. नीट बघत राहा हो सगळ्यांकडं. माझ्या पोरांकडं."

मी लगेच सुरुवात केली. बघितलं तिच्याकडं, जमेल तितकं.

आता मी इराच्या अभ्यासाच्या टेबलावर असतो. परवा अजिंक्यनं पेणहून व्हिडिओ कॉल लावला. इरानं फोन माझ्यासमोर धरला. लांबच लांब मूर्तींची रांग, अजून डोळे न उघडलेली, आणि मध्ये पाटावर प्रभावती. हाताखाली काठी. "आजी! आजी, इकडे बघ ना," इरा ओरडली. ती वळली नाही. काठी न हलवता नुसती म्हणाली, "थांब गो बाय. दुसरा डोळा चाललाय." आम्ही थांबलो. इरानं तर श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

एवढंच माझं आत्मवृत्त. आता एक विनंती, आणि ती आजच्या कुणाला नाही, पुढं येणाऱ्यांना आहे. पुढं कधीतरी हे घर नसेल, ही माणसं नसतील, आणि मी वाळूत कुठंतरी पडलेला असेन. तुमच्यापैकी कुणाच्या तरी कुदळीला लागेन. तोवर माझा रंग गेलेला असेल. मला पांढराफटक बघून तुम्ही हरखून जाल, किती शांत चेहरा म्हणाल, काचेत ठेवाल. ठेवा, पण त्याआधी थोडं थांबा बाबांनो. मला डोळे होते. पेणच्या प्रभावतीनं काढले होते, एक वाकडा आणि एक सरळ, आणि त्या डोळ्यांनी मी तिला पाहिलं होतं.